मशीन बंद करायचं नसतं

दादाच्या उजव्या हाताचं मनगट मी मोडलं. बर्फ उपसायच्या फावड्याने, दोन्ही हातांनी, जोर लावून. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘बर्फावर घसरून पडले’ असं लिहिलेलं आहे. ते दादानेच सांगितलं आणि मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसून राहिलो. हे लिहायला घेतल्यावरही मी दोनदा कागद बाजूला ठेवला, कारण मी ते का केलं याची मला अजून पुरती खात्री नाही. एक कारण मी आईबाबांना सांगितलं. ते खरं आहे. पण तेवढंच खरं आहे का, ते लिहिता लिहिता कळलं तर बघावं असं वाटतंय.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमचे बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर कामगार. आई घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. दादा दहावीनंतर आयटीआयला गेला, फिटर झाला, गावातच जॉबर म्हणून बिघडलेले माग दुरुस्त करत हिंडला, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने न्यूझीलंडला आला. इथे दक्षिण बेटावर डोंगरात एक लॉज आहे. हिवाळ्यात स्कीइंगला येणारे लोक तिथे उतरतात. तिथला बॉयलर, पाइप, दारं-खिडक्या आणि सगळी यंत्रं दादा सांभाळतो. मी डनेडिनला इंजिनिअरिंग शिकतो, दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वर्गात प्राध्यापक काही विचारतात तेव्हा मला उत्तर येत असलं तरी मी आधी आजूबाजूला बघतो, कुणी दुसरा बोलतोय का. दादा असा नाही. दादा आधी हात घालतो आणि मग बघतो. तो हात चालतोय म्हणून इचलकरंजीतलं घर चालतं आणि माझं कॉलेजही चालतं, हे मला लहानपणापासून कुणी ना कुणी ऐकवत आलेलं आहे.

आमच्याकडे मागाच्या शेडमध्ये एक गोष्ट कुणी न शिकवता येते. मशीन बंद करायचं नसतं. तार तुटली तर चालत्या मागातच बोटं घालायची, गाठ मारायची, बोटं बाहेर काढायची. आडवं सूत नेणारा धोटा एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूला आपटतो, फणी ठोका देते, आणि त्या दोन ठोक्यांच्या मधे बोटं आत जाऊन येतात. ज्याचा माग थांबत नाही तो चांगला कामगार. ज्याला तार जोडायला माग थांबवावा लागतो तो शिकाऊ. बाबांची दहाही बोटं शाबूत आहेत आणि हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नाहीत, पण दादा दाखवतो. दादाच्या उजव्या भुवईवर एक आडवी खूण आहे. तो डबा द्यायला शेडमध्ये गेला असताना शेजारच्या मागाचा धोटा उडाला आणि त्याच्या कपाळावर बसला. बाबांनी एका हाताने सुताची चिंधी त्याच्या भुवईवर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने कांडी बदलली. माग थांबवला नाही. आमच्या घरात ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाहीत. हसत सांगतात.

जुलैच्या सुट्टीत मी दादाकडे गेलो. लॉजच्या मॅनेजर बाईंनी मला खोल्यांमधल्या चादरी बदलायचं काम दिलं. साठीच्या असतील. आवाज मोठा, मन साधं. कशालाही ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणायच्या, म्हणजे एकदम मस्त. पहाटे चादरींचं काम सुरू व्हायच्या आधी मी दादाबरोबर बाहेर जायचो, कारण रात्री पडलेला बर्फ सकाळी काढायला त्याला एकट्याला जड जायचं.

त्यासाठी एक लाल मशीन होतं, स्नो ब्लोअर. पुढे हातभर रुंद उघडं तोंड, त्यात लोखंडी पात्यांचा आडवा स्क्रू. स्क्रू बर्फ चावून आत ओढतो आणि मागचा पंखा तो वरच्या वाकड्या नळीतून लांब भिरकावतो. त्या नळीला च्यूट म्हणतात. हँडलवर दोन लिव्हर. डावा दाबला की चाकं चालतात, उजवा दाबला की स्क्रू आणि पंखा फिरतात. हात सोडला की दोन्ही थांबतात. इंजिन मात्र धडधडतच राहतं. ते थांबवायला प्लास्टिकची एक चपटी किल्ली उपसून काढावी लागते. वेगाच्या दांडीला एका टोकाला सशाचं चित्र होतं आणि दुसऱ्या टोकाला कासवाचं.

थंडीत ते सुरू करणं ही मारामारीच असायची. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर गारठून त्याचं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं. पेट्रोलची तोटी उघडायची, चोक पूर्ण ओढायचा, दांडी सशाकडे, इंजिनावरचं रबरी बटण तीन-चार वेळा दाबून पेट्रोल आत सोडायचं, आणि मग दोरी. आधी हळू ओढायची, जिथे अडेल तिथे थांबायचं, परत सोडून एका दमात खेचायची. पेटलं की चोक हळूहळू मागे. हे सगळं शेडच्या भिंतीवर एका कागदावर लिहून लावलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. दादा वाचत नसे. तो दोरीवर तुटून पडायचा. दहा, वीस, तीस वेळा. दर पाचव्या झटक्याला मशीनच्या आईबहिणीचा उद्धार. मग एक लाथ. तरी नाही झालं तर पान्याची मूठ टाकीवर. इंजिन कधीकधी उलटा झटका द्यायचं, दोरी त्याच्या हातातून हिसकली जायची आणि त्याची बोटं मुठीसकट टाकीच्या पत्र्यावर आपटायची. त्या आठवड्यात त्याच्या उजव्या हाताच्या चारही पेरांवर सालपटं निघालेली होती. हातमोजा घालत नसे. म्हणायचा, मोज्यात पाना कळत नाही.

बंद करायचीही एक रीत त्या कागदावर होती. काम झालं की लगेच किल्ली काढायची नाही. स्क्रू थोडा वेळ रिकामा फिरवायचा म्हणजे आतला बर्फ उडून जातो, मग कासवावर आणायचं, मग किल्ली काढायची, पेट्रोल बंद करायचं, आणि शेवटी बंद इंजिनाची दोरी तीन-चार वेळा ओढायची, म्हणजे दोरीच्या चक्रीत शिरलेलं पाणी तिथेच गोठत नाही. पहिल्या दिवशी मी तसं केलं तर दादा शेडच्या दारात विडीसारखी काडी चावत उभा राहून बघत होता.

“काय करालायस रं?”

“दोरी ओढतोय. गोठू नये म्हणून.”

“मेलेल्याला पाणी पाजालायस व्हय?” तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. मलाही हसू आलं. त्या आठवड्यात आम्ही चांगले हसलोही होतो, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

ज्या दिवसाबद्दल मी लिहितोय त्याच्या आदल्या संध्याकाळी मशीन दादाने एकट्याने चालवलं आणि एकट्याने बंद केलं. किल्ली काढली आणि आत आला. रात्रभर बर्फ पडला. कोरडा, भुरभुरीत नव्हे. पाण्याने जड झालेला, फावड्याला चिकटणारा. सकाळी मॅनेजर बाईंनी सांगितलं की दुपारी पुन्हा पडणार आहे, घाट बंद होईल, त्यामुळे सगळी गिऱ्हाइकं नऊच्या आत गाड्या काढणार. दादा म्हणाला, “हो हो, स्वीट अ‍ॅज,” आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, “चल साहेब, उचल बूड.”

दोरी निघेना. चक्री आत गोठली होती. दादाने पाय टाकीला लावून ओढली तर दोरीची मूठच करकरली. मी म्हणालो, थांब, आणि खोल्यांमधलं हेअर ड्रायर आणि लांब वायर घेऊन आलो. मशीनच्या बाजूला गुडघ्यांवर बसून मी चक्रीवर गरम हवा सोडत होतो आणि दादा माझ्या डोक्यावर उभा.

“लग्नाला न्यायचीय काय तिला? पावडर पण लाव की.”

पाचेक मिनिटांनी चक्री सुटली. मी बाजूला व्हायच्या आतच त्याने दोरी धरली. चोक ओढलेला, बटण त्याने आठ-दहा वेळा दाबलं. खेचत गेला, खेचत गेला. शेडमध्ये पेट्रोलचा वास भरला. मला कळलं की इंजिनाला पेट्रोल जास्त झालंय. चोक ढकलून दहा मिनिटं सोडून द्यायला हवं. मी हे दोनदा मनात म्हणालो आणि तिसऱ्यांदा तोंडाने.

“दादा, ओलं झालंय ते. जरा थांबूया.”

“थांबूया,” त्याने माझी नक्कल केली, माझ्याच चाचरत्या आवाजात. “थांब तू. तुझी परीक्षा हाय व्हय आज?”

त्याच वेळी इंजिनाने उलटा झटका दिला. त्याची मूठ टाकीच्या कडेवर आदळली आणि आधीची सालपटं फुटून रक्त आलं. लाल रंगावर ते दिसलं नाही, खाली बर्फावर पडलं तेव्हा दिसलं. तो मागे सरकला, हात काखेत दाबून धरला आणि लाथ घातली, एक, दोन, तीन. शेडचा पत्रा थरथरला. मग तो बाहेर जाऊन गुडघाभर बर्फात उभा राहिला. मी चोक मागे ढकलला, दांडी सशावर ठेवली, वाट बघितली. नेमका किती वेळ ते सांगता येणार नाही. मग दोरी हळू ओढली, अडली तिथे सोडली, आणि खेचली. दुसऱ्या झटक्यात काळा धूर ओकत ते सुरू झालं.

मला वाटलं दादाला बरं वाटेल. तो आत आला, माझ्याकडे बघितलं नाही, छातीवर हात ठेवून मला बाजूला लोटलं आणि मशीन बाहेर काढलं.

लॉजच्या पुढच्या दारापासून गाड्यांपर्यंतची वाट साफ करायची होती. एका बाजूला छपरावरून घसरलेल्या बर्फाचा कमरेएवढा ढीग होता, मशीनच्या तोंडापेक्षा उंच. दादाने मला हँडलला उभं केलं आणि स्वतः पुढे फावड्याने ढीग फोडून मशीनपुढे टाकू लागला. थोड्या वेळात च्यूटमधून बर्फ लांब पडायचा बंद झाला, मग जवळ पडू लागला, मग नुसते लगदे, मग काहीच नाही. च्यूट तुंबली होती. मी लिव्हर सोडला आणि किल्ली काढली.

अशी शांतता झाली की आतल्या जेवणघरातल्या कपबशांचा आवाज बाहेर ऐकू आला.

दादा वळला. “बंद कशाला केलंस?”

“तुंबलीय. आधी बंद करून मग...”

“बंद कशाला केलंस?”

“लिहिलंय तसं, दादा, भिंतीवर...”

त्याने फावडं टाकलं, तीन पावलांत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या कानफटात मारली. कानटोपी उडाली. दातांत सापडून गालाचं आतलं कातडं फाटलं आणि तोंडात गरम खारट चव आली. कानात शिट्टी वाजायला लागली. समोर जेवणघराची काचेची भिंत होती. एक जोडपं कॉफीचे कप घेऊन खिडकीशी उभं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग, मला नीट आठवतं, दोघांनी एकदमच आपापल्या कपात बघितलं.

दादाने मला लहानपणी पुष्कळ मारलं आहे. पाढ्यांसाठी, इंग्रजीच्या स्पेलिंगसाठी, मागाच्या शेडकडे फिरकलो म्हणून. ‘तू तिकडं जायाचं न्हाईस’ असं म्हणत मारायचा. त्या माराचा मला कधी राग आला नव्हता. या एका थोबाडीचा आला. वीस वर्षांचा मी, आणि काचेमागे ती माणसं. मी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यात घातली. थुंकलो, तर बर्फावर लाल पडलं. दादाच्या रक्ताचे थेंब थोड्याच अंतरावर होते.

दादाने शेडमधल्या एका काठीने च्यूट मोकळी केली आणि दोरी धरली. गरम इंजिन खरं तर लगेच सुरू व्हायला हवं, पण झालं नाही. त्याच्या घामाची वाफ होत होती. गाड्यांकडे जाणारे दोघं-तिघं बॅगा घेऊन दारात येऊन थांबले. सुरू झालं तेव्हा दादाच्या उजव्या हाताची सगळी बोटं रक्ताने ओली होती. तो शेडमध्ये गेला, सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी घेऊन आला आणि उजवा लिव्हर दाबून त्याने तो हँडलला घट्ट बांधून टाकला. आता हात सोडला तरी स्क्रू फिरत राहणार होता.

“आता कसं थांबतंय बघतो,” तो म्हणाला.

मी त्याला अडवायला हवं होतं ते तिथेच. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. त्याने मला फावडं दिलं, पुढच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि स्वतः हँडल धरलं. मी ढीग फोडू लागलो. स्क्रू माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर बर्फ चावत होता. पाती ओल्या बर्फात शिरताना इंजिन कण्हायचं आणि मोकळी झाली की किंचाळायचं. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. मागाच्या शेडमध्ये असतं तसंच. आम्ही खुणांनी बोलत होतो.

च्यूट पुन्हा तुंबली. दादाने चाकांचा लिव्हर सोडला. मशीन जागेवर थांबलं, पण स्क्रू फिरत राहिला, पंखा फिरत राहिला. त्याने काठी घेतली, वळसा घालून पुढे आला आणि च्यूटच्या वरच्या तोंडातून आत खुपसली. मी ओरडलो. ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. आतल्या पंख्याने काठी पकडली. काडकन आवाज झाला, काठीचा एक तुकडा माझ्या कानाजवळून सूं करत गेला आणि लाकडी कठड्यात आपटला. उरलेली अर्धी दादाच्या हातात होती. त्याने तिच्याकडे बघितलं. फेकून दिली. मग तो डाव्या हाताने च्यूटच्या कडेला धरून वाकला आणि त्याचा उजवा हात वर आला.

पुढचं मी बरेचदा आठवून बघितलंय. त्याची बोटं अशी होती, शेंड्याशी जुळलेली, तार जोडायला आत घालतात तशी. मी ती बोटं ओळखतो. मी फावडं डोक्यावर नेलं आणि त्याच्या मनगटावर मारलं.

आवाज ऐकू आला नाही. हाताला कळलं. फावड्याच्या दांड्यातून ते माझ्या खांद्यापर्यंत आलं. दादा बाजूला कोसळला आणि त्याचा हात त्याच्याबरोबर पण जरा वेगळ्याच दिशेला पडला. मी धावत हँडलकडे गेलो आणि किल्ली उपसली.

शांत झाल्यावर मग त्याचा आवाज आला. तो ओरडत नव्हता. श्वास आत ओढत होता, पुन्हा पुन्हा, बाहेर सोडायचं विसरल्यासारखा. मी जवळ जाऊन वाकलो तर त्याने डाव्या हाताने माझी कॉलर धरून मला खाली खेचलं आणि कपाळ माझ्या नाकावर हाणलं. आम्ही दोघं बर्फात पडलो. तो एका हाताने मला मारत होता, तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे, आणि म्हणत होता, “माझा हात. हरामखोरा, माझा हात.” मी त्याचा मोडलेला हात बर्फाला लागू नये म्हणून खालून धरून ठेवला होता. मी त्याला मारू दिलं. मला वाटतं मलाही ते हवं होतं.

मॅनेजर बाई धावत आल्या. त्या येईपर्यंत मी उठून लिव्हरवरची ट्यूबची पट्टी सोडून खिशात घातली होती. हे मी का केलं तेही लिहायला हवं. दादाने मशीनचा लिव्हर बांधला होता हे कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मला हे सुचलं आणि लगेच सुचलं. जे बोलायला मला दहा मिनिटं लागतात ते लपवायला क्षणही लागला नाही.

बाईंनी स्वतः गाडी काढली. दवाखाना तासाभरावर होता. दादा मागे माझ्याशेजारी, हात उशीवर ठेवून. माझ्या नाकात कापूस. बाई पुढे रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांना मराठी कळत नव्हतं.

“मी हात घालणारच न्हवतो,” दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

“काठीचं कुसळ अडकलेलं कडंला. बाहेरच्या बाजूला. ते काढणार होतो.”

“मला वाटलं तू...”

“तुला काय वाटतंय ते कधी कळतंय का कुणाला?” तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात त्याने घसरल्याचं सांगितलं. माझ्या नाकाबद्दल नर्सने विचारलं तेव्हाही त्यानेच सांगितलं की हा मला उचलायला आला आणि हाही घसरला. नर्स आमच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. बोटं हलत होती. डॉक्टरांनी एकेक बोट टाचणीने टोचून विचारलं, कळतंय का, आणि दादा पाचही वेळा हो म्हणाला.

त्या रात्री व्हिडिओवर आईबाबांना सांगावं लागलं, कारण प्लॅस्टर लपवता येत नव्हतं. आई रडायला लागली. घसरण्याची गोष्ट दादाने पुन्हा सांगायला घेतली तेव्हा मी मधेच बोललो. मी सगळं सांगितलं. लिव्हर, काठी, फावडं. थोबाडीचं सोडून. दादा मला अडवत नव्हता. बाबा कान फोनला लावून ऐकत होते, त्यामुळे स्क्रीनवर नुसता त्यांचा कान दिसत होता. मागाच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं.

ऐकून झाल्यावर त्यांनी फोन समोर धरला आणि दादाला म्हणाले, “मग आधी बंद करायचं की रं मशीन.”

दादा आधी हसला. मग त्याचा चेहरा असा झाला की मी त्याच्यापासून थोडा लांब सरकलो. “तुम्ही कधी केलासा?” तो ओरडला. “कधी केलासा बंद? माझं डोकं फुटलं तवा केलासा?”

आईने फोन बाबांच्या हातातून घेतला तेव्हा ते म्हणत होते, “मागं मालक हुभा होता,” पण ते आमच्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. दादाने डाव्या हाताने फोन पलंगावर फेकला.

सुट्टीचे उरलेले दिवस मशीन मी चालवलं. दोरी हळू ओढायची, अडली की सोडायची, खेचायची. बर्फ ओला असला की दर काही मिनिटांनी किल्ली काढायची, काठीने च्यूट साफ करायची, परत दोरी. माझे खांदे भरून आले. सगळी वाट साफ व्हायला दादाच्या दुप्पट वेळ लागायचा. दादा खोलीत पडून असायचा आणि त्याला प्रत्येक वेळी मशीन बंद केलेलं ऐकू येत असणार. एकदाही तो बाहेर आला नाही. जेवण एकत्र व्हायचं. त्याची पोळी मी तोडून द्यायचो आणि तो ती माझ्याकडे न बघता खायचा. एकदा म्हणाला, “बारीक कर जरा, बैलाला घालालायस काय.” त्या आठवड्यातलं त्याचं तेवढंच लांब वाक्य.

प्लॅस्टर निघाल्यावर तो तपासणीसाठी डनेडिनला आला आणि दोन दिवस माझ्या खोलीवर राहिला. मनगट जरा वाकडं जुळलंय. पूर्ण वळत नाही, पाना फिरवायला डावा हात मदतीला घ्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले येईल, वेळ लागेल, दिवसातून चार वेळा मूठ दाबायचा व्यायाम करा. त्यासाठी मऊ चेंडू दिला होता. तो दादा लॉजवरच विसरला होता.

“हात दे,” तो म्हणाला.

मी टेबलावर हात पुढे केला. त्याने माझी बोटं त्याच्या मुठीत धरली आणि दाबली. पहिल्यांदा अगदीच हलकं. त्याच्या कपाळावर घाम आला. मग पुन्हा. मी मोजत होतो, एका खेपेला दहादा दाबायला सांगितलं होतं. पाचव्या-सहाव्या वेळी माझी बोटं दुखायला लागली आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने बघू नये म्हणून मी विचारून टाकलं.

“दादा, खरं सांग. घालणार होतास हात?”

तो दाबत राहिला. सात. आठ.

“तू आधी सांग,” तो म्हणाला. “म्या थोबाडीत मारली नसती, तर मारलं असतंस फावडं? एवढ्या जोरात?”

मला वाटतं मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण काचेमागचं ते जोडपं आठवलं, त्यांचे कप आठवले, आणि फावडं डोक्यावर नेताना माझ्या हातांत जे आलं होतं ते आठवलं, आणि हो काही निघेना. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या भुवईवरची खूण आक्रसली होती.

“बघ,” तो म्हणाला. “मलाबी म्हाईत न्हाई.”

मग त्याने पुन्हा मूठ आवळली. आकडा चुकला होता, म्हणून आम्ही एकपासून सुरू केलं.